आवृत्ती एकाहत्तर

काळ्या पडद्यावर एक शब्द: इन्स्टॉल.
मागितलं होतं एकच पॅकेज,
तारखा नीट लिहिणारं, साधं, गरीब.
ते आलं, आणि मागून त्याचे मेव्हणे,
मेव्हण्यांचे पाहुणे, पाहुण्यांच्या ओळखीचे कुणी,
आठशे बारा जण
इंदिरानगरच्या माझ्या वन बीएचकेत.
कोण कशासाठी आलंय विचारायची सोय नाही.
एकाला परत पाठवलं
की अख्खी पंगत उठते.

मग दुसरा शब्द: डिप्लॉय.
टिंबं पळतात, बाण गोल फिरतो,
कुकरची एक शिट्टी होते
आणि खाली हिरव्या अक्षरांत: झालं. एकेचाळीस सेकंद.

काय झालं, ते भांडीबाजारात सांगताना
माझीच बोबडी वळली.
तांबटकाका बंबाच्या बुडाला ठोके देत होते.
"गंगापूर धरणातून पाणी सोडलं
की तुमच्या फोनवर निरोप येईल."
"देणार कोण?"
"सेवा. सर्व्हरलेस."
"म्हणजे?"
"म्हणजे यंत्र आपलं नाही. कुठंतरी असतं.
काम आलं की उठतं, करतं, झोपतं.
जागं राहील तेवढ्याचेच पैसे."
ठोका थांबला.
"असा एक गडी होता आमच्याकडे," ते म्हणाले.
"काढून टाकला."

ऑगस्टातला मंगळवार, पहाटेचे सव्वातीन.
धरणाने दारं उचलली.
माझी सेवा उठली. तिला उठायला वेळ लागतो,
आम्ही त्याला कोल्ड स्टार्ट म्हणतो,
आई दुसरं काहीतरी म्हणेल.
उठली, आणि दारातच ठेच.
आदल्या संध्याकाळी मी घाईत
कुलपाची फाइल उडवून पुन्हा डिप्लॉय केलं होतं,
आणि त्या आठशे बारांपैकी एकजण,
ज्याचं नाव मी कधी वाचलंही नव्हतं,
नवे कपडे घालून आला होता,
जुनी ओळख विसरून.

निरोप गेला नाही.
लॉगमध्ये एकच लाल ओळ पाच वेळा,
बंद दारावर कुणी हाका मारून दमावं तशी.

फोन वाजला तो माझा.
"पोरी, मारुतीच्या गुडघ्याला लागलंय.
पराती वर चढवल्या आम्ही. सराफ बाजारात पोरगा धाडलाय.
तुझं ते झोपलंय का?"

दुतोंड्या मारुती.
एक तोंड येणाऱ्या पाण्याकडे, एक जाणाऱ्या.
घोटा, गुडघा, कंबर, छाती, गळा:
एवढीच पाच मापं,
कुणी अपडेट मागत नाही.
वीज लागत नाही, शेंदूर लागतो.
आणि रात्री बॅटरी घेऊन
बघायला जाणारा एक माणूस लागतो.
तो भाग मी आराखड्यात
कुठंच काढला नव्हता.

पाणी दुपारी उतरलं. घाटावर गाळ,
एक चप्पल, प्लास्टिकचा तांब्या,
कुणाच्या तरी दुकानाची पाटी उलटी.
मी घरी येऊन यादी नव्याने लिहिली.
प्रत्येकाला त्याच्या जागी बसवलं, कुलूप घातलं.
आणि सगळ्यात खाली, हाताने, एक ओळ:
तांबटकाका, आवृत्ती एकाहत्तर.

एंटर.
अवजार अडखळलं.
असं पॅकेज सापडत नाही, म्हणालं,
नाव नीट तपासा.

तपासलं. बरोबर होतं.
त्र्यंबक दामोदर तांबट, बंब आणि घंगाळी, तांब्याची मोड घेतली जाईल.
त्यांचा नंबर मग वेगळ्या फाइलीत गेला,
गुपितं ठेवतात तिथे.
आता ते एक शब्द पाठवतात, "घोटा",
तोही ऱ्हस्व-दीर्घ चुकवून,
आणि एकशे चाळीस फोन थरथरतात.

एप्रिलात बहात्तर लागेल त्यांना.
तेव्हा काय मोडेल
ते मी अजून तपासलेलं नाही.